जबडा आवळला जातो तो क्षण

पत्र: मी 47 वर्षांचा आहे. माझा पारा फार पटकन चढतो. गेल्या महिन्यात मुलीवर असा ओरडलो की आता मी खोलीत आलो की ती फोन उलटा ठेवते आणि उठून जाते. धाकटा भाऊ दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर करून आला आणि तेव्हापासून माझ्या मागे लागलाय. फोनवरच्या ॲपवरून ध्यान करून बघितलं, तीन आठवड्यांत सोडलं. डोळे मिटले की डोक्यात बाजार भरतो. हे माझ्यासारख्याचं काम नाही. चार वर्षांपूर्वी मला पॅनिक अटॅक यायचे, रात्रीची एक गोळी अजून चालू आहे. भाऊ म्हणतो, गोळीचं फॉर्मवर लिहू नकोस, नाकारतील. दहा दिवस न बोलता माणसाला वेड नाही का लागणार? हे एका धर्माचं आहे का? आणि माझे गुडघेही दुखतात. जाऊ की नको?

उत्तर:

प्रिय वाचक,

आधी थेट उत्तर देते. जा, पण या महिन्यात नको, आणि गोळी लपवून तर मुळीच नको.

आता तुमच्या त्या बाजाराबद्दल. डोळे मिटल्यामुळे तो भरत नाही हो. तो दिवसभर भरलेलाच असतो. कामाच्या, बोलण्याच्या, फोनच्या आवाजात तो ऐकू येत नाही एवढंच. त्या तीन आठवड्यांत तो तुम्हाला पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आला आणि तुम्ही घाबरून उठलात. बहुतेक सगळे इथेच उठतात. मीही उठले होते, आणि परत बसायला मला दोन वर्षं लागली. म्हणून सांगते, मन भटकलं हे तुमच्या लक्षात आलं ना, ते लक्षात येणं हीच या साधनेतली पहिली खरी गोष्ट आहे. जो कधी बसलाच नाही त्याला आपलं मन भटकतंय हे माहीतच नसतं. तो भटकंतीलाच विचार करणं म्हणतो.

‘विपश्यना’ हे पाली भाषेतल्या ‘विपस्सना’चं संस्कृत, आपल्याकडे रुळलेलं रूप. ‘पस्सना’ म्हणजे पाहणं, ‘वि’ म्हणजे विशेष रीतीने, उलगडून. ध्यानाच्या बऱ्याच पद्धतींत मन एखाद्या मंत्रावर, ज्योतीवर, रूपावर खिळवतात. पाली परंपरेत त्याला समथ म्हणतात, आणि त्याने मन शांत होतं हे खरंच आहे. विपश्यनेलाही तेवढी स्थिरता लागते, पण ती पुढच्या कामासाठी. मन जरा थाऱ्यावर आलं की आपल्या शरीरात आणि मनात जे घडतंय ते घडत असतानाच बघायचं. त्यात ढवळाढवळ करायची नाही. बुद्धाच्या सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजगतेवरच्या उपदेशात, बघायच्या जागा चार सांगितल्या आहेत: शरीर, वेदना, चित्त आणि धम्म, म्हणजे मनात येणारे-जाणारे विषय आणि त्यांचे नियम.

यातल्या ‘वेदना’ या शब्दापाशी मराठी माणूस हमखास अडखळतो. आपल्याकडे वेदना म्हणजे दुखणं. पालीत तसं नाही. तिथे सुखद, दुःखद आणि धड सुखद ना दुःखद असं कुठलंही जाणवणं म्हणजे वेदना. गार वाऱ्याची झुळूक अंगावरून गेली तीही वेदना, नाकाच्या शेंड्यावरची खाजही वेदना. या शिकवणीतला सगळ्यात कामाचा सांधा इथेच आहे. वेदनेतून तृष्णा उपजते असं बुद्धाने सांगितलं: जे बरं वाटलं ते हवं, जे वाईट वाटलं ते नको. वेदना आणि हवं-नको यांच्या मध्ये एक फट असते. ती फट दिसायला लागावी यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

तुमच्या रागावर हे लावून बघा. मुलीने हाकेला ओ दिली नाही. तुम्हाला वाटतं, त्याचा राग आला. पण तिचं गप्प राहणं आणि तुमचं ओरडणं या दोहोंमध्ये तुमच्या शरीरात काहीतरी घडलेलं असतं. छातीत काहीतरी वर चढतं, कान तापतात, श्वास वरच्यावर अडकतो. ते सहन होत नाही म्हणून माणूस ओरडतो. ओरडल्यावर क्षणभर मोकळं वाटतं, आणि म्हणूनच पुढच्या वेळी तो पुन्हा ओरडतो. आपण समजतो की आपण मुलीशी भांडतोय. आपण आपल्याच छातीतल्या त्या चढत्या गोष्टीशी भांडत असतो.

हे मला कुणी सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती आणि विसरून गेले असते. माझ्या पहिल्या शिबिराच्या दुसऱ्या दिवसाचं सांगते. सकाळची बैठक. सूचना साधी: नाकपुड्यांच्या तोंडाशी येणारा-जाणारा श्वास बघा, दुसरं काही करू नका. मी मात्र मनातल्या मनात माझ्या जावेला उत्तर देत होते. अकरा वर्षांपूर्वीच्या भांडणाचं उत्तर. ती काय म्हणाली होती ते मला शब्द न शब्द आठवत होतं, आणि मी काय म्हणायला हवं होतं ते मी नव्याने रचत होते. श्वासावर परत आले. पुन्हा उत्तर, आता अधिक धारदार. परत श्वास. तिसरं उत्तर. चौथ्या खेपेला मला एक गोष्ट दिसली. शब्द सुचायच्या अगदी आधी माझा जबडा आवळला जात होता. डाव्या बाजूला, कानाच्या खाली, दाढांवर दाढा घट्ट बसत होत्या. जबडा आधी, शब्द नंतर. अकरा वर्षं मला वाटत होतं की जावेच्या आठवणीने मला राग येतो. तिथे बसल्या बसल्या दिसलं की जबडा आवळला गेला की माझं मन भांडायला माणूस शोधतं, आणि जाऊ जवळची म्हणून ती सापडते. त्या क्षणी मी काहीच केलं नाही. जबड्याकडे नुसतं बघत राहिले. तो कधी सैल झाला ते मला कळलं, आणि पाचवं उत्तर तयार झालं नाही.

आणि हे दिसलं ते मौनामुळे. तेव्हा तुमच्या सगळ्यात मोठ्या भीतीकडे येते.

शिबिरातल्या मौनाला आर्य मौन म्हणतात. नुसतं तोंड बंद ठेवणं म्हणजे आर्य मौन नाही. खाणाखुणा नाहीत, चिठ्ठ्या नाहीत, शेजाऱ्याशी नजर भिडवून हसणंही नाही. फोन, पुस्तकं, वही-पेन पहिल्याच दिवशी जमा करायचे. पुरुष आणि स्त्रिया वेगळे राहतात. पण हे मौन साधकासाधकांमधलं असतं. साधनेबद्दल काही विचारायचं असेल तर आचार्यांशी बोलता येतं. पांघरूण हवंय, पोट बिघडलंय, रात्रभर झोप नाही, हे व्यवस्थापनाला, धम्मसेवकांना सांगता येतं, सांगायलाच हवं. घरी कुणाला तातडीचा निरोप द्यायचा असेल तर केंद्राचा क्रमांक असतो. तेव्हा तुम्ही जगापासून तुटत नाही, तुमचं मत मांडायची सोय तेवढी दहाव्या दिवशी सकाळपर्यंत काढून घेतली जाते.

पहिला दिवस जड जातो. जेवताना समोर माणूस बसलेला आणि त्याच्याशी एक शब्द नाही, हे विचित्र वाटतं. तिसऱ्या दिवसापर्यंत मात्र बहुतेकांना त्याचं ओझं वाटत नाही, हलकं वाटायला लागतं. कुणाला बरं दिसायचं नाही, कुणाचं मन राखायचं नाही, हजरजबाबी व्हायचं नाही. आपण दिवसभरात किती शक्ती स्वतःची प्रतिमा सांभाळण्यात घालवतो ते ती शक्ती परत मिळाल्यावर कळतं. मग दुसरी गोष्ट घडते, आणि तुमच्यासाठी तीच महत्त्वाची आहे. राग येतो आणि तो काढायला जागा नसते. घरी असता तर दार आपटलं असतं, कुणाला तरी फोन लावला असता. इथे तो तुमच्याबरोबर बसतो. येतो, चढतो, टिकतो आणि उतरतो, आणि तुम्ही पहिल्यांदा त्याला सुरुवातीपासून शेवटापर्यंत बघता. वयाच्या 47व्या वर्षापर्यंत तुम्ही रागाचा शेवट बघितलेलाच नसेल, कारण प्रत्येक वेळी त्याआधीच ओरडून मोकळे झाला असाल.

दहा दिवसांच्या शिबिराचा सगळ्यांत पसरलेला साचा विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतला. तुमचा भाऊ बहुतेक तिथेच गेला असेल, म्हणून त्याचं जरा सविस्तर. पहाटे 4 ला घंटा. साडेचारला पहिली बैठक. मध्ये नाश्ता, दुपारचं जेवण, विश्रांती. संध्याकाळी 5 ला हलकं काहीतरी, रात्रीचं जेवण नाही. 7 वाजता गोएंकांचं ध्वनिमुद्रित प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. बैठकांची बेरीज केली तर दिवसाचे साधारण साडेदहा तास होतात. आकडा ऐकून छाती दडपते, पण ते सलग नसतात; तासातासाचे, दीड-दोन तासांचे तुकडे असतात, मध्ये पाय मोकळे करता येतात. सुरुवातीलाच पाच शीलं घ्यायची: हिंसा नाही, चोरी नाही, शिबिरात पूर्ण ब्रह्मचर्य, खोटं नाही, नशा नाही. गप्प बसलेला माणूस खोटं बोलू शकत नाही, हा मौनाचा आणखी एक उपयोग.

पहिले तीन दिवस आनापान: श्वास, फक्त श्वास, तोही जसा आहे तसा. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. प्राणायामासारखं त्याला वळण लावायचं नाही. लक्ष नाकपुड्या आणि वरच्या ओठावरच्या एवढ्याशा जागेत आणत आणत मन धारदार करायचं. चौथ्या दिवशी विपश्यना देतात. मग डोक्यापासून पायांपर्यंत एकेका भागावरून मन फिरवायचं आणि तिथे जे जाणवेल ते बघायचं: ऊब, ठोका, मुंग्या, कपड्याचा स्पर्श, नुसता जडपणा. जे मिळेल त्यावर ‘हे छान’, ‘हे नको’ असा शिक्का मारायचा नाही, कारण ते बदलणार आहे. याला अनित्य म्हणतात. हा शब्द आपण प्रवचनांमध्ये हजारदा ऐकलेला असतो. इथे तो स्वतःच्या मांडीत घडताना दिसतो.

अक्षरशः मांडीत. विपश्यना सुरू झाली की रोज तीन सामूहिक बैठका अधिष्ठानाच्या असतात: तासभर शक्यतो हात, पाय, डोळे हलवायचे नाहीत. माझ्या पाचव्या दिवशी, चाळीसेक मिनिटं झाली असतील, उजवा गुडघा म्हणजे पेटलेला दगड झाला होता. मी त्या दगडाच्या आत बघायचं ठरवलं. आत दगड नव्हता. वाटीच्या खाली चटका होता. बाहेरच्या बाजूला ठणका होता, आणि तो ठणका सलग नव्हता, त्यात खंड पडत होते. वाटीच्या मधोमध तर काहीच नव्हतं. आणि या सगळ्याच्या वर, वेगळंच, एक वाक्य घोळत होतं: ‘पाय कायमचा गेला.’ चटका एका जागी, वाक्य दुसऱ्या जागी. ती दोन वेगळी आहेत हे दिसल्यावर चटका राहिला, पण माझं कण्हणं थांबलं. घंटा झाली, उठले, आणि दोन मिनिटांत मी नीट चालत होते.

आता हे वाचून गुडघ्यांशी कुस्ती खेळायला जाऊ नका. दुखावलेला सांधा वेगळा आणि बसून आलेली रग वेगळी. तुम्हाला जुना त्रास असेल तर पहिल्याच दिवशी खुर्ची मागा. सांगितल्यावर ती मिळते. खुर्चीवर बसल्याने साधना हलकी होत नाही, आणि अधिष्ठान म्हणजे स्वतःला शिक्षा नव्हे. पाली वाङ्मयात सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. चालत ध्यान करता करता त्याच्या पायांतून रक्त आलं, तरी काही साधेना, म्हणून तो सगळं सोडून घरी परतायच्या विचारात होता. तो आधी वीणा वाजवायचा. बुद्धाने त्याला विचारलं, तारा फार ताणल्या तर वीणा वाजायची का? फार सैल सोडल्या तर? तुमच्या पत्रावरून मला तुम्ही तारा ताणणाऱ्यांपैकी वाटता. तीन आठवड्यांत जमलं नाही म्हणून सोडणारा माणूस सहसा आळशी नसतो, त्याला निकालाची घाई असते.

घाईवरून गोएंकांचीच गोष्ट सांगते, कारण ती तुमच्याशी जुळते. 1924 साली मंडालेत जन्मलेले ते व्यापारी. त्यांना अर्धशिशीचा भयंकर त्रास होता. मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. देशोदेशींचे डॉक्टर झाले. शेवटी ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन कुणी संन्यासी नव्हते, संसारी गृहस्थ होते. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते आणि आपल्या कार्यालयातल्या लोकांनाही विपश्यना शिकवायचे. गोएंका म्हणाले, डोकेदुखीसाठी आलोय. ऊ बा खिन यांनी त्यांना घेतलं नाही. डोकं बरं करून घेण्यासाठी ही विद्या वापरणं म्हणजे तिचं मोल कमी करणं, असं त्यांचं म्हणणं होतं. मन निर्मळ करायला या. दुखणं त्या ओघात गेलं तर गेलं. 1955 मध्ये गोएंका त्या हेतूने बसले, चौदा वर्षं शिकले, आणि 1969 मध्ये भारतात येऊन मुंबईत पहिलं शिबिर घेतलं. 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरी या केंद्रावर शिबिरं चालू आहेत. 2013 मध्ये ते गेले, पण आजही जगभरच्या त्यांच्या केंद्रांवर सूचना त्यांच्याच आवाजात ऐकू येतात. शिकवण्याची, राहण्या-जेवणाची फी नाही; शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर ते चालतं, आणि पूर्ण न केलेल्याकडून दान घेत नाहीत. ‘पैसे दिलेत, आता वसूल करू’ हा भाव मनात यायलाच जागा राहत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

तर ‘राग घालवायला’ म्हणून जाऊ नका. अकराव्या दिवशी सकाळी घरी याल, मुलगी काहीतरी बोलेल, कान तापतील, आणि तुम्ही म्हणाल की सगळं फुकट गेलं. कान तापतातच. मी इतकी वर्षं बसते, माझा जबडा अजून आवळला जातो.

विपश्यना म्हणजे फक्त हाच साचा असंही समजू नका. ब्रह्मदेशातच महासी सयाडो यांची दुसरी मोठी परंपरा आहे. 1949 पासून ते रंगूनमध्ये शिकवत होते. त्यात श्वासाबरोबर पोटाचं वर येणं आणि खाली जाणं बघतात, आणि जे जे जाणवेल त्याला मनातल्या मनात हलकेच नाव देतात: ‘वर’, ‘खाली’, ‘ऐकणं’, ‘विचार’, ‘राग’. एक बैठक बसून, एक चालत. चालताना पाऊल उचललं, पुढे नेलं, टेकवलं, इतक्या सावकाश की लांबून बघणाऱ्याला वाटावं माणूस काहीतरी हरवलेलं शोधतोय. बोधगयेला या दोन्ही परंपरांशी ओळख झालेली जोसेफ गोल्डस्टीन, शॅरन साल्झबर्ग अशी तरुण अमेरिकन मंडळी मायदेशी परतली आणि जॅक कॉर्नफिल्ड यांच्यासह त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या बॅरी इथे 1976 मध्ये केंद्र सुरू केलं. त्या धाटणीची शिबिरं एका दिवसाचीही असतात, शनिवार-रविवारची, आठवड्याची आणि तीन महिन्यांचीही. तिथेही मौन असतं, पण शिक्षकांशी ठरलेल्या भेटी होतात, आणि चालण्याचं ध्यान असल्यामुळे गुडघ्यांना सुटका मिळते. तुमच्यासारख्याने पहिल्यांदा एक दिवसाचं, मग दोन-तीन दिवसांचं करून बघणं मला शहाणपणाचं वाटतं. भावाला दहा दिवस मानवले म्हणून तुम्हालाही पहिल्या उडीत दहाच हवेत असं काही नाही.

आता गोळीचं. इथे मला जरा कडक बोलू द्या. भावाच्या मनात वाईट नाही, पण त्याचा सल्ला धोक्याचा आहे. फॉर्मवर मानसिक आजारांबद्दल आणि औषधांबद्दल विचारतात ते तुम्हाला वगळायला निमित्त हवं म्हणून नाही. दिवसाला दहा तास आत बघत बसलं की जुनं दबलेलं वर येतं, आणि काही माणसांना ते झेपत नाही. झोप उडते, भीतीच्या लाटा येतात, क्वचित आपण आपले राहिलोच नाही अशी भावना होते. ज्यांना पूर्वी भास झाले आहेत, उन्मादाचे झटके आले आहेत, ज्यांच्यावर नुकताच मोठा आघात झाला आहे, त्यांनी लांब मुदतीची मौन शिबिरं डॉक्टरांच्या परवानगीशिवाय करूच नयेत. तुमचे पॅनिक अटॅक चार वर्षांपूर्वीचे आहेत, ही जमेची बाजू. पण पॅनिक येणाऱ्या माणसाला श्वासाकडे बघतानाच धडधड सुरू होते असंही होतं, आणि शिकवणाऱ्याला ते माहीत असेल तर तो लक्ष तळव्यांवर न्यायला सांगेल, डोळे उघडायला सांगेल. त्याला माहीतच नसेल तर तो काय करणार?

म्हणून आधी तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्यांना शिबिराचं वेळापत्रक दाखवा: पहाटे चारला उठणं, रात्रीचं जेवण नाही, बोलणं नाही. त्यांनी हो म्हटलं तर गोळीचं नाव आणि मात्रा फॉर्मवर लिहा. शिबिरात गोळी चालूच ठेवायची. ‘ध्यानाने बरं वाटतंय’ म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करायची नाही. केंद्राने ‘थोडं थांबा’ म्हटलं तर थांबा. आणि तिथे गेल्यावर सलग दोन रात्री झोप आली नाही, भीती बैठकीबाहेरही उतरेना, तर आचार्यांना लगेच सांगा. शिबिर पूर्ण करायचं वचन आपण मनापासून देतो, पण ते वचन तब्येतीपेक्षा मोठं नाही. अर्ध्यावरून परतलेला माणूस हरलेला नसतो.

धर्माचं थोडक्यात. ही शिकवण बुद्धाची आहे, शब्द पालीतले आहेत, गोएंकांच्या शिबिरात सुरुवातीला बुद्ध, धम्म, संघ यांना शरणही जायचं असतं. ते लपवायचं कारण नाही. पण धर्म बदलायला कुणी सांगत नाही, आणि श्वास, खाज, राग सगळ्यांचे सारखेच असतात. तिथे असेपर्यंत तुमचं नामस्मरण, पूजा, योगासनं बाजूला ठेवायला सांगतील, ते मात्र प्रामाणिकपणे पाळा. दोन पद्धती मिसळल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही.

डॉक्टरांना भेटेपर्यंत आणि तारीख मिळेपर्यंत घरी बसायला लागा. सकाळी 15 मिनिटं, ॲपशिवाय, खुर्चीवर चाललं तरी. पाठ सरळ, डोळे मिटलेले. श्वास आत येताना नाकपुडीच्या कडेला गार लागतो, जाताना कोमट, तेवढंच बघा. मन जाईल. गेलं हे कळलं की स्वतःवर न चिडता परत या. 15 मिनिटांत चाळीस वेळा परत आलात तर चाळीस वेळा साधना झाली. शेवटची दोन मिनिटं छाती, खांदे, कान, जबडा इथून लक्ष फिरवा. तुमचा राग यापैकी कुठे आधी येतो ते शोधा. प्रत्येकाची जागा वेगळी असते, आणि ती ज्याची त्यालाच सापडते. सहा आठवडे हे जमलं, मध्ये धडधड वाढली नाही, तर शिबिराचा फॉर्म भरा.

बसताना धडधड झालीच तर तिथेच थांबा, डोळे उघडा, पाय जमिनीवर दाबा, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना ते सांगा.

शेवटी मुलीबद्दल, जे तुम्ही विचारलं नाहीत पण पत्राच्या सुरुवातीलाच लिहिलंत. तिच्याशी बोलणं शिबिरानंतरवर ढकलू नका. ‘आधी मी सुधारून येतो, मग बोलू’ हे मोहाचं असतं, पण तिला तुमच्या सुधारणेची वाट का बघायला लावायची? या आठवड्यातच, ती फोन उलटा ठेवून उठायच्या आत, दारातूनच सांगा की त्या दिवशी मी ओरडलो ते चुकलं. कारणं देऊ नका, तिची काय चूक होती तेही नको. ती काही बोलली नाही तरी चालेल. ती गप्प राहील तेव्हा तुमच्या छातीत काय चढतं, ते तिथे उभ्या उभ्या बघा. आणि जेव्हा केव्हा शिबिराला निघाल, तेव्हा तिला आधी सांगून जा: दहा दिवस माझा फोन बंद असेल, हा केंद्राचा क्रमांक, गरज लागली तर लाव.